रेडलाईनला गाडी नेली तर इंजिन खराब होतं का?

परवा साखळीहून चोर्ला घाट चढताना ट्रक ओव्हरटेक करायला सेकंडमध्येच गाडी ताणली, आरपीएमचा (इंजिन मिनिटाला किती फेरे घेतं त्याचा) काटा सहा हजारांच्या वर, रेडलाईनकडे म्हणजे डायलवरच्या लाल पट्ट्याकडे गेला तशी शेजारी बसलेली बायको ओरडली, अहो इंजिन फुटेल! नाही फुटत. हल्लीच्या पेट्रोल गाड्यांत साधारण साडेसहा हजारांच्या आसपास लिमिटर असतो, तो इंधन किंवा स्पार्क तोडतो, गाडी गचके देते आणि काटा पुढे सरकतच नाही. इंजिन गरम असेल, ऑइल नीट असेल तर कधीतरी रेडलाईन गाठल्याने काहीच बिघडत नाही.

पण लिमिटर घाट उतरताना वाचवत नाही हे लोकांना माहीतच नसतं. थर्डमधून फोर्थ टाकायला गेलात आणि चुकून सेकंड पडला तर चाकंच इंजिनाला रेडलाईनच्या पुढे फिरवतात, तिथे इंधन तोडून काय होणार? व्हॉल्व्ह, म्हणजे इंजिनातल्या झडपा, वेळेत बंद होत नाहीत, पिस्टनवर आपटतात, वाकतात. आरपीएम दुप्पट झाला की पिस्टनला जोडलेल्या दांड्यावरचा, म्हणजे कनेक्टिंग रॉडवरचा ताण चौपट होतो, दुप्पट नव्हे!

आणि सकाळी स्टार्ट मारल्या मारल्या न्यूट्रलमध्ये घुं घुं करणारे, आमच्या वाड्यावर दोघं आहेत, त्यांना कळकळीने सांगतो, बाबांनो थंड ऑइल जाड असतं, दोन-चार किलोमीटर हळू चालवा, मग काय ती ताणा.