फोनवर सगळं मिळतं, मग एएम रेडिओ कशाला?

हातात फोन आहे, हवं ते गाणं हव्या त्या क्षणी वाजतं, मग तुम्ही अजून तो खरखरणारा रेडिओ का घेऊन बसता? तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो: गाण्यांसाठी नाही. एएमची स्टेशनं ज्या पट्ट्यात लागतात त्या मीडियम वेव्हवर दोन स्टेशनांमध्ये ९ किलोहर्ट्झ (अमेरिकेत १०) एवढंच अंतर असतं. त्या दाटीवाटीत वरचे सूर छाटले जातात. बोलणाऱ्या माणसाचा आवाज मात्र भरीव लागतो. गाणी मीही फोनवरच ऐकतो.

रेडिओ लावतो तो रात्रीसाठी. दिवसा उंच आकाशातला ‘डी’ नावाचा विद्युतभारित थर या लहरी गिळून टाकतो. सूर्य मावळला की तो विरतो, आणि लहरी आणखी वरच्या थरांवरून परतून शेकडो किलोमीटर लांब उतरतात. दुपारी जिथे नुसती खरखर होती, तिथे रात्री कुणीतरी अनोळखी भाषेत बातम्या वाचत असतं. कधी एकाच जागी दोन स्टेशनं एकमेकांत घुसतात. मग काटा नाही, रेडिओच फिरवायचा. आत फेराइटचा (लोहचुंबकीय पदार्थाचा) दांडा असतो, तोच त्याचा अँटेना. त्याचं टोक एका स्टेशनाकडे वळलं की ते बरेचदा मंदावतं आणि खाली दबलेलं दुसरं वर येतं. आवाज चढतो, बुडतो, आणि निवेदक स्टेशनचं नाव सांगायला लागला की हमखास बुडतो! तेच स्टेशन फोनवर स्वच्छ लागेलही. पण तिथे शेजारचं आणि समुद्रापलीकडचं सारखंच वाजतं. लांबून आलेलं लांबून आल्यासारखं ऐकू यावं, एवढंच माझं म्हणणं.

जुन्या दिवसांची हुरहुर म्हणाल तर आहे, पण ती स्टेशनांपेक्षा मोकळ्या हवेसाठी. एएममध्ये आवाज लहरीच्या कमीजास्त होणाऱ्या उंचीवर स्वार असतो, आणि विजेचा गोंगाटही नेमका तिथेच येऊन बसतो. पूर्वी मुख्य त्रास ढगातल्या विजेचा. गडगडाट कानावर पडायच्या आधी रेडिओत कडकड व्हायची. आता चार्जर आणि एलईडी दिव्यांची घरघर चोवीस तास. काही मोटार कंपन्यांनी तर विजेवरच्या गाड्यांतून एएम काढूनच टाकलं, कारण गाडीची यंत्रणाच त्यात ओरडते.

म्हणून वीज गेली की घरातले वैतागतात आणि मी सेलवरचा ट्रान्झिस्टर शोधतो. आजूबाजूचे सगळे चार्जर एकदम गप्प झालेले असतात. वीज इतक्यात येऊ नये असं वाटतं, पण ते घरात बोलायची सोय नाही.