अर्ध्या फेऱ्यावर अडकणारं स्टेअरिंग

सोलापूरजवळ वडकबाळचा सीनेचा पूल ओलांडून मंद्रूपकडं निघालो होतो. पुढं उसाच्या दोन ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर. त्याला मागं टाकून गाडी परत डावीकडं घेताना स्टेअरिंग मध्येच घट्ट झालं. जोर लावला तशी झटक्यात सुटलं आणि जीप साइडपट्टीवर उतरली. मागं चेन ब्लॉक, तिपाईचे पाइप आणि माझा हेल्पर पोरगा. कुणाला काही लागलं नाही. पण कारण सापडेपर्यंत ही गाडी डांबरी रस्त्यावर काढायची नाही, हे मी तिथंच ठरवलं.

बोअरच्या मोटरी काढायच्या, दुरुस्त करून परत सोडायच्या, हा माझा धंदा. पार हत्तरसंग कुडलपर्यंत, भीमा-सीनेच्या संगमापर्यंत कामं असतात. पावसाळ्यात तिकडची रेगड चाकाला अशी धरते की दहा पावलांत चाक आणि मडगार्ड एक होतं. म्हणून १९९४ ची ही फोर-बाय-फोर दिवाळीआधी उचलून घेतली. पुढं-मागं अखंड एक्सल, चारी बाजूंना स्प्रिंगचे पाटे, स्टेअरिंग साधं, पॉवर नाही.

उचलताना दोन कामं झाली. पाट्यांना नवी कमान दिली, आणि चेसिस व बॉडीच्या मध्ये दोन इंचाचे ठोकळे घातले. आपल्याकडं दोन्हीला ‘गाडी उचलली’ एवढंच म्हणतात. स्टेअरिंगला मात्र दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पाट्यांनी गाडी उचलली की चेसिस आणि बॉडी दोन्ही मिळून वर जातात, कोन बदलतो तो स्टेअरिंगच्या गिअर बॉक्सकडून चाकाकडं जाणाऱ्या सळईचा, म्हणजे ड्रॅग लिंकचा. ठोकळे घातले की बॉडी एकटीच वर जाते. स्टेअरिंगचा दांडा बॉडीला, बॉक्स चेसिसला. मधला शाफ्ट मग ताणला जातो आणि त्याच्या दोन्ही टोकांचे क्रॉस, म्हणजे वाकलेले असूनही फिरणारे सांधे, जास्त वाकतात. हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर ठोकळे घातलेच नसते.

पहिल्या गॅरेजात त्यांनी बॉक्सला हात घातला. ‘बॉक्स संपलाय’ म्हणाले, वरचा ॲडजस्टिंग स्क्रू आवळला आणि नवीन बॉक्सचा भाव सांगितला. बाहेर आलो तर स्टेअरिंग अडकत होतंच, शिवाय आता सरळ रस्त्यावरही मधोमध जड लागायला लागलं. आजाराला औषध मिळालं नाही आणि दुसरा आजार वर चढला.

अक्कलकोट रोड एमआयडीसीत एक चाचा लेथवर शाफ्टांची कामं करतात, माझ्या पंपांचे शाफ्टही त्यांच्याकडंच जातात. त्यांना फोन लावला. ते म्हणाले, “मालक, काही विकत घेऊ नका. एकेक जोड सोडवत जा. जिथं सोडल्यावर जडपणा जाईल, तिथं दुखणं.” मोटरीतही आपण हेच करतो, आधी पंप वेगळा करून मोटर एकटी फिरवून बघतो.

रविवारी अंगणात पुढचा एक्सल जॅकवर घेऊन खाली घोड्या लावल्या. आधी पुढच्या चाकांना एक्सलशी जोडणारे हब मोकळे आहेत ना ते पाहिलं, कारण फोर-बाय-फोर लागलेली राहिली तर डांबरावर वळताना चाकं ओढतात आणि माणूस उगाच स्टेअरिंगला दोष देतो. हब मोकळेच होते. मग ड्रॅग लिंक सोडली. चाकं हातानं वळवली तर थोडी जड, पण या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखी. चाक ज्यांवर वळतं ते किंगपिन कोरडे पडले होते, ग्रीस गननं जुनं काळं ग्रीस बाहेर येईपर्यंत भरलं.

आता लेकीला गाडीत बसवलं. ती नववीत आहे. स्टेअरिंगला वरच्या बाजूला पांढरा दोरा बांधला आणि सांगितलं, हळू फिरव, जड लागलं की बोल. चाकांचा भारच नव्हता, तरी ती म्हणाली, “अप्पा, इथं.” मी दोऱ्यासमोर डॅशवर खडूची खूण केली. अजून अर्धा फेरा, “इथंपण.” पुढचा फेरा, पुन्हा त्याच दोन खुणा. दोन्ही एकमेकींच्या बरोबर समोर.

आयटीआयला असताना हूक जॉइंट, म्हणजे हाच क्रॉस, शिकलो होतो, तो त्या दोन खुणांत दिसला. ३० अंशात वाकलेला एकच क्रॉस असेल तर वरचा दांडा एकसारखा फिरवला तरी खालचा कधी ०.८७ पट तर कधी १.१५ पट वेगानं फिरतो, आणि हे एका फेऱ्यात दोनदा होतं. दोन क्रॉस असतात ते एकानं दुसऱ्याचा फरक खाऊन टाकावा म्हणून. त्यासाठी दोन्ही कोन जवळपास सारखे हवेत आणि मधल्या शाफ्टाच्या दोन्ही टोकांचे कान, म्हणजे क्रॉस धरणारे फाटे, एका रेषेत हवेत. बॉक्सचा बिघाड असा दर अर्ध्या फेऱ्याला लागत नाही. स्क्रू जास्त आवळला असेल तर तो मधोमध लागतो.

बॅटरी घेऊन खाली शिरलो. माझ्या शाफ्टाचे कान जवळजवळ काटकोनात होते. ठोकळे घालताना शाफ्ट ओढून लांब केला आणि स्प्लाईन, म्हणजे शाफ्टाचे एकमेकांत सरकणारे दातेरी भाग, बसवताना दात जुळले तसे बसवले. त्यामुळं दुसरा क्रॉस पहिल्याचा फरक खाण्याऐवजी वाढवत होता. खालच्या क्रॉसच्या कानावर नखाएवढी जागा चांदीसारखी चकाकत होती, लोखंडाला लोखंड घासत होतं तिथं. फोनवर कोन मोजले, खाली ३४ अंश, वर २९.

शाफ्ट काढून हातात घेतला तेव्हा मात्र पोटात गोळा आला. स्प्लाईन एकमेकांत जेमतेम पाऊण इंच होती. खड्ड्यात चेसिस पिळली असती तर शाफ्टच सुटला असता आणि स्टेअरिंग हातात नुसतं गरगरलं असतं. स्टेअरिंग जड झालं म्हणून मी थांबलो, हे आमचं नशीब. तुमच्या गाडीला बॉडीचे ठोकळे असतील तर बाकी सगळं राहू द्या, आज ही पकड मोजा.

चाचांनी दोन्ही क्रॉस नवीन बसवले. जुन्या क्रॉसच्या एका टोपीतल्या बेअरिंगच्या सुया गंजून लाल पूड झाल्या होत्या. कान एका रेषेत घेऊन शाफ्टावर पंचनं खूण मारली, म्हणजे पुढं कुणी खोललं तरी चुकणार नाही. ठोकळे काढून बॉडी मूळ रबरांवर बसवली, कोन २५ आणि २१ वर आले. बॉक्सचा स्क्रू चाकं सरळ ठेवून नव्यानं लावला, मधोमध किंचित ओढ लागेल इतकाच. नवीन बॉक्सचे पैसे वाचले.

परवा कुडलला जाऊन आलो. लेकीचा दोरा स्टेअरिंगवर तसाच होता, एकाही जागी हात अडला नाही. पाटे उंच आहेत म्हणून ड्रॅग लिंक अजून तिरकी आहे, गतिरोधकावर गाडी जराशी डावीकडं ओढते. ते काम गड्ड्याची जत्रा झाली की काढणार आहे, तोवर ४० च्या पुढं काटा नेत नाही.