वेतकाम: आमची वाटचाल

सावंतवाडीतील आमच्या कारखान्याच्या पाटीवर वडिलांनी ‘वेतकाम’ एवढेच लिहिले होते आणि ती पाटी मी आजवर बदललेली नाही. आमच्याकडे वेत म्हटले की कुणाला गुरुजींची छडी आठवते, तर गाय घ्यायला आलेला माणूस ‘कितव्या वेताची?’ असे विचारतो. आमचा वेत मात्र ताडाच्या कुळातला, काट्यांनी झाडांना धरून चढणारा भरीव वेल. ब्लोलॅम्पच्या आचेवर तापवून खाचेच्या फळीत वाकवला की गार झाल्यावर तो दिलेला बाक धरून राहतो. पोकळ बांबूला हे इतके सहज जमत नाही. साल विणीला, गाभा टोपल्यांना आणि अख्खा दांडा खुर्चीला, हातकाठीला किंवा पोलिसांच्या जुन्या ढालींना, असे त्याचे काहीच वाया जात नाही.

इंडोनेशियाने २०११ च्या अखेरीस कच्च्या वेताच्या निर्यातीवर बंदी घातली आणि आम्हाला मिळणारा जाड वेत महागला. त्यातच किनाऱ्यावरच्या एका हॉटेलने चाळीस खुर्च्या सांगितल्या. आम्ही उधारीवर माल भरल्यानंतर त्यांनी ते काम दुसऱ्या दुकानदाराला दिले, कारण तो लोखंडी पाइपावर प्लास्टिकची पट्टी गुंडाळून तिलाच ‘केन’ म्हणत निम्म्या दरात विकत होता. केन म्हणजे वेतच. ते नाव प्लास्टिकला कसे लावता, हे मी त्याच्या दुकानात जाऊन विचारले होते. त्याने उत्तर दिले नाही. पावसाळ्यात आमच्या पडून राहिलेल्या वेताला बुरशी आली, किड्याने भोके पाडली, खाली पिवळा भुसा साचू लागला आणि दोन कारागीर गोव्याला निघून गेले. हे मी विसरलेलो नाही.

त्या दिवसांत वेंगुर्ल्याच्या एका निवृत्त मुख्याध्यापिका बाईंनी वडिलांच्या हातची आरामखुर्ची विणायला आणली, नातेवाइकांच्या आणखी चार खुर्च्या पाठवल्या आणि सगळे पैसे आधी दिले. दोन उभे, दोन आडवे, दोन तिरके असे सहा पदर मी घालत असताना त्या शेजारी बसून पाहत असत. त्यानंतरची वर्षे सुरळीत गेली.

खुर्ची घेताना ती उलटी करून पाहावी: खऱ्या सालीची वरची बाजू तुकतुकीत आणि खालची तंतुमय असते, प्लास्टिकची दोन्हीकडे सारखीच. बैठक सैल झाली तर खालून ओल्या फडक्याने भिजवून सावलीत वाळवावी, ती पुन्हा ताणते. बाईंची खुर्ची गेल्या महिन्यात तिसऱ्यांदा विणायला आली आहे. तिचे हात अजून वडिलांनी वाकवलेलेच आहेत.