डिस्क नव्या, बॉक्स नवा, पण व्हॉल्यूम २०१३ चा

सांगलीतला आमचा फोटो स्टुडिओ बाबांनी १९७८ साली सुरू केला. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पुराचं पाणी दुकानात शिरलं आणि निगेटिव्हचे तीन खोके चिखलात गेले. त्यातल्या बऱ्याचशा आम्ही आधीच स्कॅन केल्या होत्या. त्यामुळे ती लग्नं, त्या मुंजी, शाळांचे ग्रुप फोटो आता फक्त नासवर, म्हणजे नेटवर्कला जोडलेल्या, बऱ्याच डिस्क मावणाऱ्या साठवणुकीच्या बॉक्सवर उरलेत. नास तेव्हापासून दुसऱ्या मजल्यावर, माझ्या टेबलाशेजारी असतो.

गेल्या तुळशीच्या लग्नानंतर सीझन सुरू झाला आणि जागा संपत आली. चार खण, त्यात ४ टीबीच्या चार डिस्क. एका डिस्कएवढी जागा पॅरिटीला, म्हणजे एखादी डिस्क गेली तर तिचा डेटा पुन्हा उभा करणाऱ्या माहितीला जाते, म्हणून उरतात १२ टीबी. स्क्रीनवर मात्र १०.९ दिसतात, कारण डिस्क बनवणारे हजाराने मोजतात आणि आमचा बॉक्स १०२४ ने. त्यातले १०.१ भरले होते. रिकामा खण नव्हता, तेव्हा एकेक डिस्क काढून तिच्या जागी ८ टीबीची बसवायची, एवढाच मार्ग होता.

कितव्या डिस्कनंतर किती जागा वाढणार, हे मी आधी कागदावर मांडलं. साधं रेड ५ (अशा पॅरिटीसह डिस्क एकत्र बांधण्याची नेहमीची पद्धत) असतं तर चारही डिस्क बदलेपर्यंत काहीच वाढलं नसतं. आमच्या बॉक्समध्ये मिश्र आकाराच्या डिस्क चालवून घेणारी हायब्रिड रेड आहे. ती डिस्कचे थर पाडते. पहिली ८ ची डिस्क बसली तरी तिच्यातल्या वरच्या ४ टीबीला जोडीदार नसतो, म्हणून ती जागा पडून राहते. दुसरी बसली की त्या दोन वरच्या थरांचं मिरर (एकाची दुसऱ्यावर हुबेहूब प्रत) होतं आणि १२ चे १६ होतात. तिसरीनंतर २०, चौथीनंतर २४. एकच डिस्क बदलून जागा का वाढली नाही म्हणून घाबरणारे बरेच असतात, त्याचं उत्तर हेच.

डिस्क घेताना बॉक्सच्या सुसंगततेच्या यादीत मॉडेल नंबर पूर्ण, शेवटच्या अक्षरापर्यंत जुळवला. दुकानदाराने पुढे केलेली स्वस्त डिस्क एसएमआर निघाली. या प्रकारात डेटाचे ट्रॅक कौलांसारखे एकावर एक चढवलेले असतात. मधलं एक कौल बदलायचं तर शेजारची उचलावी लागतात. रोजच्या वापरात हे जाणवतही नाही, पण रीबिल्डमध्ये, म्हणजे काढलेल्या डिस्कचा डेटा नव्या डिस्कवर पुन्हा उभा करताना, तासन्‌तास सलग लिहायचं असतं. तिथे अशी डिस्क इतकी मंदावू शकते की बॉक्स तिला मेलेली समजून बाहेर काढतो. नाससाठी म्हणून विकलेल्या काही डिस्क प्रत्यक्षात एसएमआर असल्याचं २०२० साली उघड झालं होतं. त्यामुळे खोक्यावर ‘नास’ छापलंय, यावर विसंबू नका. माहितीपत्रकात सीएमआर, म्हणजे ट्रॅक एकमेकांवर न चढवलेली डिस्क, असं लिहिलेलं बघूनच पैसे द्या.

मग १४ टीबीची एक बाहेरची डिस्क आणून सगळा बॅकअप घेतला. तो आधीच असायला हवा होता, हे मला मान्य आहे. सोबत प्रत्येक फाइलच्या एमडी५ ची, म्हणजे फाइल जराशी बदलली तरी बदलणाऱ्या खुणेच्या आकड्याची यादी काढली. बॅकअप झाल्यावर डेटा स्क्रबिंग चालवलं, म्हणजे जुन्या डिस्कचा कोपरा न् कोपरा एकदा वाचून झाला. हे करण्यामागे कारण होतं. एक डिस्क काढली की उरलेल्या तीन, म्हणजे १२ टीबी, अथपासून इतिपर्यंत वाचाव्या लागतात. माझ्या जुन्या डिस्कच्या माहितीपत्रकात दर १० चा १४ वा घात इतक्या बिटांमागे एक न वाचता येणारी चूक, अशी मर्यादा लिहिली होती. तो आकडा होतो साडेबारा टीबी. डिस्क सहसा त्याहून पुष्कळ चांगल्या वागतात, पण आकडे इतके जवळ आल्यावर स्क्रबिंगशिवाय मला पुढे जायचंच नव्हतं.

स्क्रबिंगनंतर स्मार्टच्या, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते त्या तक्त्यात तिसऱ्या खणातल्या डिस्कपुढे ‘पेंडिंग सेक्टर ८’ (नीट वाचता न येणारे आठ तुकडे) असं दिसलं. म्हणून सुरुवात तिच्यापासून केली. दुसऱ्या कुठल्याही डिस्कच्या रीबिल्डला तिच्यावर भिस्त ठेवावी लागली असती. स्टिकरवरचा सीरियल नंबर स्क्रीनशी दोनदा ताडून पाहिला आणि ट्रे ओढला. बॉक्स बीप बीप ओरडायला लागला, पूलपुढे, म्हणजे चारही डिस्क मिळून बनलेल्या साठ्यापुढे ‘डिग्रेडेड’ (एक डिस्क कमी) आलं. काढलेली डिस्क हाताला कोमट लागत होती. नवी बसवली, रिपेअर दाबलं. अकरा तास लागले. पहाटे तीनच्या सुमाराला लाईट गेली. यूपीएसवर बॉक्स आणि राउटर, एवढंच. मी ६४ टक्क्यांकडे बघत बसून राहिले. बारा मिनिटांनी लाईट आली.

दुसऱ्या डिस्कनंतर कागदावरच्या १६ प्रमाणे स्क्रीनवर १४.५ झाले. तिसरीनंतर पूल १८.२ झाला, पण त्या पूलवर बांधलेला, फाइली ठेवायचा व्हॉल्यूम १६ वर येऊन थांबला. एक्स्पांड दाबलं की तेच: कमाल मर्यादा गाठली.

दोन संध्याकाळी त्यात गेल्या. आमचा पहिला बॉक्स २०१३ चा, ३२-बिट प्रोसेसरचा. २०१८ मध्ये नवा ६४-बिट घेतला तेव्हा डिस्क जशाच्या तशा त्यात हलवल्या होत्या. बॉक्स बदलला, आता डिस्कही बदलत होत्या, पण व्हॉल्यूम तोच राहिला होता. त्यातली ईएक्सटी४ फाइल सिस्टीम (फाइली डिस्कवर कुठे आहेत हे सांभाळणारी मांडणी) ब्लॉकचा, म्हणजे जागेच्या ठरावीक आकाराच्या तुकड्याचा पत्ता ३२ बिटांत लिहिणारी. म्हणजे ४,२९,४९,६७,२९६ ब्लॉक, प्रत्येकी ४ केबी. गुणाकार करा, नेमके १०२४ च्या हिशोबाने १६ टीबी. साध्या लिनक्सवर अशी फाइल सिस्टीम अनमाउंट करून, म्हणजे तात्पुरती वापरातून काढून, ६४-बिट करता येते. बॉक्सच्या आत तसा प्रयोग करायला मात्र मी धजावले नाही. पूल वाढतो म्हणजे व्हॉल्यूम वाढेलच, हे मी गृहीत धरलं होतं. तुमचा व्हॉल्यूम कधी आणि कशावर बनला, ते पहिली डिस्क विकत घेण्याआधी शोधा.

चौथी डिस्क बसवून रीबिल्ड पूर्ण होऊ दिलं. बॅकअपवरच्या फाइली एमडी५ च्या यादीशी पुन्हा ताडल्या, एकही फरक निघाला नाही. मग व्हॉल्यूम डिलीट केला. त्या खिडकीत स्वतःचा पासवर्ड टाकताना हात थांबला होता. बाबा शेजारी उभे होते, म्हणाले, ‘‘यादी जुळलीय ना? मग कर.’’

नवा व्हॉल्यूम बनवला, फाइली परत ओतायला अडीच दिवस लागले आणि तिसऱ्यांदा यादी जुळवली. आता २१ च्या वर जागा आहे. १४ टीबीची ती डिस्क विट्याला मावशीच्या कपाटात असते. महिन्याच्या शेवटच्या रविवारी मी ती घेऊन येते, नवं काम चढवते आणि संध्याकाळच्या एसटीने परत पोचवते.