हात परत येणार न्हवं?

मी भूलतज्ज्ञ. बधिर केलेला हात परत येतो का, असं तुम्ही विचारलंत म्हणून लिहायला बसले, पण हा प्रश्न मला आठवड्यातून तीन-चार वेळा तरी ऑपरेशन थिएटरात ऐकू येतो. मनगट मोडलेलं असतं, प्लेट बसवायची असते. पूर्ण भूल देत नाही, फक्त हाताच्या नसा बधिर करते (याला आम्ही 'ब्लॉक' म्हणतो), असं मी आधीच सांगितलेलं असतं. पेशंट मान डोलावतो, सही करतो, टेबलावर आडवा होतो आणि मग हळूच, सर्जनला ऐकू जाणार नाही अशा बेतानं, विचारतो, "मॅडम, हात परत येणार न्हवं?"

येतो.

या भीतीचं अर्धं मूळ आपल्या बोलण्यातच आहे. सलाइन लावताना सिस्टर 'नस सापडेना' म्हणतात ती शीर. कंबरेतली 'दबलेली नस' निराळी; मी बधिर करते ती या दुसऱ्या जातीची, म्हणजे मज्जातंतू. शाळेतला 'मज्जातंतू' तर दहावीच्या पेपरानंतर कुणाच्या तोंडी आलेला मी ऐकला नाही. त्यामुळे 'नसेला इंजेक्शन' म्हटलं की माणसाला वाटतं, ही बाई आता नसेत सुई खुपसणार. नसेच्या आत जायचंच नसतं. औषध भोवती सोडायचं, ते आत झिरपतं, आणि दुखण्याचा निरोप मेंदूपर्यंत जायचा थांबतो. औषध उतरलं की निरोप पुन्हा सुरू. नसेला कायमची इजा होतच नाही असं म्हणणार नाही. दहा हजारांत दोन-चार जणांच्या बाबतीत ती होते. बधिरपणा किंवा मुंग्या काही आठवडे रेंगाळतात असे त्याहून जास्त जण असतात, आणि त्यातले बहुतेक आपोआप बरे होतात.

जर्मनीत कुलेनकाम्फ नावाच्या सर्जननी १९११ साली कॉलरबोनच्या (गळ्याखालच्या आडव्या हाडाच्या) वर सुई टोचून हात बधिर करायची रीत आणली, आणि पहिला प्रयोग स्वतःवरच केला. तेव्हा खूण म्हणजे बोटाला लागणारी नाडी, आणि सुई नसेपाशी पोचली की हातात येणाऱ्या मुंग्या. मी शिकले ती करंटच्या मशीनवर: सुईतून बारीक करंट सोडायचा, बोटं उडाली की जागा बरोबर. आता सोनोग्राफी आहे. प्रोब (मशीनचा हातात धरायचा भाग) कॉलरबोनच्या वर टेकवला की पडद्यावर धडधडणारा काळा गोल दिसतो, ती रोहिणी. तिच्या कडेला द्राक्षाच्या घडासारख्या नसा. खाली पहिल्या बरगडीची पांढरी रेघ, आणि तिच्या बाजूला श्वासाबरोबर सरकणारी दुसरी, ते फुप्फुसाचं आवरण. सुईचं टोक दिसेनासं झालं की मी हात थांबवते, ते या दुसऱ्या रेघेच्या धाकानं. थोडं थोडं औषध सोडत गेलं की काळं पाणी पसरतं आणि द्राक्षं त्यात सुटी होतात. वीसेक मिलीत काम होतं.

(हे मशीन गाडीत टाकून चार हॉस्पिटलं फिरता येत नाही बरं का. गर्भलिंगनिदानाविरुद्धचा १९९४ चा कायदा त्यालाही लागू. मी त्यावर फक्त मान आणि काखा बघते, तरी नोंदणी हवीच. कायदा गरजेचा आहे, कुरकुर करत नाही. म्हणजे, थोडी करते.)

पाचेक मिनिटांत हात गरम वाटायला लागतो, मग जड होतो, आणि मग आपला राहत नाही. काहींना तर हात छातीवर उचलून धरलाय असं वाटत राहतं, आणि खाली बघावं तर तो बाजूला निवांत पडलेला. एका आजींनी चादर वर करून दोनदा खात्री केली होती.

पण खरं सांगू? हात परत येतो की नाही, हा प्रश्नच नाही. तो कधी येतो, हा आहे.

माझ्या सुरुवातीच्या वर्षांतली गोष्ट. उसाच्या ट्रॉलीवरून पडलेला, चाळिशीतला गडी. सकाळी अकराला ब्लॉक दिला, प्लेट बसली, संध्याकाळी स्वारी कॉटवर बसून डाव्या हातानं भाकरी खातेय. मी खुशीत. जाताना सांगितलं, "दुखलं तर गोळी घ्या." दुखतच नव्हतं, मग कशाला घेतोय! रात्री दीडला फोन आला. पलीकडे त्याची बायको, आणि मागून त्याचा आवाज. उसाचं ओझं वाहणारा माणूस लहान पोरासारखा ओरडत होता. दिवसभराचं दुखणं जणू दाराबाहेर तुंबून राहिलं होतं, औषध उतरलं तसं एकदम आत घुसलं. त्यावर गोळी दिली तरी तिला लागू पडायला तासभर लागतो, आणि तो तास फार लांब असतो. शेवटी इंजेक्शनं देऊन पहाटे झोपला.

चूक माझीच होती. 'दुखलं तर' हे दोन शब्द. हाडाच्या ऑपरेशनला हे बऱ्याचदा होतं, आणि पूर्ण भूल दिलेला पेशंट शुद्धीवर येतानाच दुखण्याला सामोरा जातो, तसं इथं नसतं. इथं दुखणं गाठतं ते अपरात्री, सगळे झोपल्यावर.

आता मी दुखायच्या आधी गोळी घ्यायला लावते. लिहून दिलेली गोळी ठरल्या वेळी, दुखत नसलं तरी, आणि झोपायच्या आधी एक नक्की. बोटांत मुंग्या यायला लागल्या की समजायचं, पाहुणा वेशीवर आलाय. तोवर हात गळ्यात अडकवलेलाच ठेवायचा. नाहीतर झोपेत कूस बदलताना स्वतःचाच हात स्वतःच्या तोंडावर आपटतो, हे मी पाहिलंय. चहाचा कप, शेगडी, गरम पाण्याची पिशवी यांपासून लांब, कारण भाजलेलं कळणार नाही. खांद्याच्या ब्लॉकनंतर जरा दम लागल्यासारखं वाटलं किंवा एक पापणी उतरली तर बहुतेकदा औषध उतरलं की तेही जातं, पण सिस्टरना सांगायचं, मनात ठेवायचं नाही.

दीड वर्षानं तो गडी प्लेट काढायला आला. मी ब्लॉकचं समजावायला तोंड उघडलं, तोच त्याच्या बायकोनं पर्समधून पेन काढलं. "मॅडम, ते ऱ्हाऊ द्या. गोळी किती वाजता ते आधी सांगा. ह्यांचं काय ऐकू नका."