मालदीव: व्हिला नंतर बघा, आधी रीफ बघा

मालदीवहून आल्यापासून जो भेटेल तो एकच विचारतोय, वॉटर व्हिला, म्हणजे पाण्यात खांबांवर उभी असलेली खोली, घेतला होता का? नाही घेतला. आम्ही किनाऱ्यावरचा बीच व्हिला घेतला आणि जे पैसे वाचले ते चांगला हाउस रीफ, म्हणजे बेटालाच लागून कोरलचा (प्रवाळाचा) खडक, असलेल्या बेटावर घातले. तुम्ही दोघं जाणार असाल तर मी अगदी कळकळीने सांगेन की खोलीचे फोटो नंतर बघा, आधी त्या बेटाभोवतीचं पाणी कसं आहे ते विचारा.

का ते सांगते. मालदीवमध्ये जवळजवळ १२०० बेटं आहेत, २६ अ‍ॅटॉलमध्ये, म्हणजे कड्यासारख्या गोल प्रवाळबेटांच्या समूहांमध्ये, पसरलेली, आणि तिथे रिसॉर्टची पद्धत म्हणजे एक बेट, एक रिसॉर्ट. पहिलं रिसॉर्ट कुरुंबा, ते १९७२ मध्ये सुरू झालं, आणि आता तर मोजता येणार नाहीत इतकी झालीयत. म्हणजे एकदा बुकिंग केलं की तेच बेट, तोच किनारा, तेच पाणी, कंटाळा आला म्हणून बाहेर पडून दुसरीकडे चक्कर मारून येऊ असं काही नसतं. काही बेटांभोवती लगून, म्हणजे रीफच्या आतलं उथळ पाणी, लांबपर्यंत पसरलेला असतो, फोटोत तो फिकट निळा रंग दिसतो ना तो त्याचाच, खाली पांढरी वाळू असते म्हणून. बघायला फारच सुंदर, पण मास्क लावून आत डोकं घातलं तर वाळूच वाळू, मासे बघायला दरवेळी बोट काढून जायचं. आणि काही बेटांना रीफची कड किनाऱ्याला अगदी लागून असते, चार हात मारले की पोचलात. आम्हाला हे दुसऱ्या प्रकारचं बेट हवं होतं.

जायचा प्रवास पण मस्तच. विमानतळ माले शहरात नाहीये, शेजारच्या हुळुले बेटावर आहे, आणि लांबच्या अ‍ॅटॉलला तिथून सीप्लेनने, म्हणजे पाण्यावर उतरणाऱ्या विमानाने, जायचं. छोटं ट्विन ऑटर विमान, पंधराएक माणसं, पायलट चक्क अनवाणी, आवाज इतका की बोलणं शक्यच नाही म्हणून आम्ही दोघं खिडकीला नाक लावून खाली बघत बसलो. वरून अ‍ॅटॉल दिसतात ते मला शब्दात नाही सांगता येणार, गोल गोल कडा, मध्ये हिरवट पाणी आणि बाहेर एकदम गडद निळं. एक लक्षात ठेवा, सीप्लेन फक्त उजेडात उडतात, त्यामुळे तुमचं विमान उशिरा संध्याकाळी उतरत असेल तर ती रात्र विमानतळाजवळ काढावी लागते. सामानाचंही वजन मोजतात, साधारण २० किलो आणि हातातलं ५ किलो, म्हणून बॅग हलकीच ठेवा, तसंही तिथे चपलासुद्धा घालाव्या लागत नाहीत.

आता मुख्य गोष्ट. माझ्या नवऱ्याला पोहता येत नाही. लहानपणी भावंडांनी पोहायला शिकवतो म्हणून विहिरीत ढकललं होतं, तेव्हापासून पाण्याची भीती बसली ती बसलीच, आणि हे मला इतक्या वर्षांत त्याने तिथे त्या बेटावर पहिल्यांदा सांगितलं. रिसॉर्टच्या इन्स्ट्रक्टरने त्याला आधी कमरेइतक्या पाण्यात उभं करून फक्त मास्क लावून स्नॉर्कलने, म्हणजे तोंडात धरायच्या नळीने, श्वास घ्यायला शिकवलं. घाई अजिबात नाही. मग लाइफ जॅकेट घालून तरंगायला लावलं, आणि मग एका सकाळी, भरती होती, पाणी अगदी शांत होतं, आम्ही दोघं हात धरून त्या इन्स्ट्रक्टरबरोबर रीफच्या कडेपर्यंत गेलो. तिथे जमीन संपते. खाली आत्तापर्यंत हाताच्या अंतरावर कोरल होतं आणि एकदम सरळ भिंत खाली उतरत जाते, निळ्यात दिसेनाशी होईपर्यंत. त्याने माझा हात इतका घट्ट धरला की दुखला, पण तो मागे नाही फिरला. भिंतीच्या कडेने एक कासव आरामात वर आलं, श्वास घेतला, परत खाली गेलं, आणि हा पाण्यातच ओरडला. स्नॉर्कलमधून ओरडल्याचा आवाज कसा येतो ते मला आता माहितीये!!

त्यानंतर तो पाण्याबाहेर यायलाच तयार नसायचा. आम्ही रोज ब्रेकफास्टच्या आधी उतरायचो. पाण्याखाली सतत कुरकुर कुरकुर आवाज येत असतो, तो पॅरटफिशचा, म्हणजे पोपटमासा म्हणूया, ते चोचीने मेलेल्या कोरलवरचं शेवाळ कुरतडतात, त्याबरोबर कोरलचा दगडही पोटात जातो, तो तिथे दळला जातो आणि वाळू होऊन बाहेर पडतो. तिथला तो पांढरा मऊ किनारा बराचसा असा तयार झालाय. किनाऱ्याजवळ हातभर लांबीची ब्लॅकटिप शार्कची पिल्लं फिरत असतात, घाबरू नका, ती माणूस दिसला की स्वतःच पळतात. मालदीवने २०१० मध्ये शार्कच्या मासेमारीवर बंदी घातली.

पण सगळं काही आनंदाचंच दिसलं असं नाही. रीफवर काही ठिकाणी करड्या रंगाचे मेलेले पट्टे आहेत. १९९८ आणि २०१६ मध्ये समुद्राचं पाणी तापलं तेव्हा मालदीवचं बरंच कोरल पांढरं पडून मेलं. रिसॉर्टमध्ये एक मरीन बायोलॉजिस्ट मुलगी होती, ती लोखंडी फ्रेमवर कोरलचे तुकडे बांधून वाढवते, आम्हाला तिने ते दाखवलं आणि पायाने, हाताने, फिनने (पोहताना पायात घालायच्या पंखांनी) कशालाच धक्का लावायचा नाही हे दहादा बजावलं. मीही तेच बजावते. कोरलवर उभं राहू नका, प्लीज. वर्षानुवर्षं वाढलेलं असतं ते.

बाकीचा दिवस? बाकीचा दिवस लोळायचं. मस हुनी खायची, ट्यूना, ओलं खोबरं, कांदा, मिरची, लिंबू असं सगळं हाताने कालवलेलं आणि बरोबर रोशी, आपल्या पोळीची बहीणच. झाडाखाली झोके आहेत तिथे पुस्तक घेऊन पडायचं, दुपारी खोलीत झोपायचं, संध्याकाळी बेटाला चक्कर, पूर्ण फेरी मारायला फार वेळ लागत नाही म्हणून दोनदा मारायची. बगळे असतात, खेकडे असतात. गाडी नाही, हॉर्न नाही, आज काय करायचं हा प्रश्न नाही. घरी आमचं बोलणं म्हणजे कामांची वाटणी असते, तिथे वाटायला कामच नव्हतं, तर आम्ही खरंच बोललो, लग्नाआधी बोलायचो तसं, तासनतास. मला वाटतं एवढे पैसे त्यासाठीच द्यायचे.

पैशांचं सांगायला हवं कारण इथे लोकांचा गोंधळ होतो. वेबसाइटवर जो रेट दिसतो त्यापुढे बऱ्याचदा प्लस प्लस असतं, म्हणजे १० टक्के सर्व्हिस चार्ज, वर टुरिझम जीएसटी, जो जुलै २०२५ पासून १७ टक्के आहे. शिवाय ग्रीन टॅक्स, रिसॉर्टवर माणशी रात्रीचे १२ डॉलर. सीप्लेनचं भाडं बहुतेक वेळा वेगळंच. सगळं मिळून एकच आकडा लिहून मागा आणि मगच तुलना करा. जेवण पॅकेजमध्येच घ्या, बेटावर बाहेर खायला काही नसतं. दारूची बाटली बरोबर नेऊ नका, विमानतळावर काढून ठेवतात, रिसॉर्टमध्ये मिळते. आणि येताना शंखशिंपले, कोरल बॅगेत टाकू नका, कोरल नेणं तर बेकायदेशीर आहे.

कधी जायचं? कोरडे महिने साधारण डिसेंबर ते एप्रिल, आम्ही तेव्हाच गेलो. मे ते नोव्हेंबर पाऊस असतो, पण रेट कमी असतात, आणि बा अ‍ॅटॉलच्या हनिफारू खाडीत मँटा रे, म्हणजे पंख पसरल्यासारखे मोठे चपटे मासे, येतात ते याच महिन्यांत. बा अ‍ॅटॉल २०११ पासून युनेस्कोचं बायोस्फीअर रिझर्व्ह, म्हणजे जपलेलं निसर्गक्षेत्र, आहे, खाडीत स्कूबाला (पाठीवर हवेची टाकी घेऊन खोल जायला) परवानगी नाही, फक्त स्नॉर्कलिंग. नवऱ्याला हे त्या बायोलॉजिस्टने सांगितलं तेव्हापासून त्याचं पुढच्या पावसाळ्याचं ठरलंय, आणि त्याने आल्या आल्या स्विमिंगचा क्लास लावलाय, सकाळी सहाची बॅच.