बिल्ला कानात, बाकी खुंटीला

आपल्या सीमाभागात बेंदूर, म्हणजे बैलांचा सण, दोनदा येतो. ज्येष्ठी पौर्णिमेला कर्नाटकी, म्हणजे कन्नड शेजाऱ्यांची कारहुणवी, आणि आषाढात महाराष्ट्री. गोंडे, तोंडावर बांधायच्या म्होरक्या, घुंगुरमाळा, शिंगांच्या टोकाला घालायच्या शेंब्या यांची खरेदी त्याच सुमाराला होते. नेमकं तेच पावसाचं तोंड असतं. दोर ओले, माश्या वाढलेल्या, त्यामुळे जनावराच्या अंगावर बांधलेल्या वस्तूंच्या जखमाही याच दिवसांत चिघळतात.

हिशेब सोपा आहे. कानातला सरकारी नोंदणीचा पिवळा बिल्ला कधी काढायचा नाही आणि नटण्याचं सामान रात्री अंगावर ठेवायचं नाही. गोठ्यागोठ्यात बघावं तर उलटं. बिल्ला तुटून गेलेला आणि घुंगुरमाळ महिनाभर गळ्यातच.

आधी बिल्ल्याचं बघू. कन्नड पाटीवर त्याला ‘किवियोले’ लिहितात, कानातलं भूषण. नाव गोड आहे, पण काम कागदाचं. त्यावर 12 आकडी नंबर आणि खाली बारकोड असतो. लाळ्या-खुरकुताची लस दर सहा महिन्यांनी याच नंबरावर नोंदली जाते. विम्यात तर बिल्ला नाही तर भरपाई नाही, हा सरळ नियम. नंबर देशभर एकच चालतो, म्हणून कर्नाटकातल्या चिकोडीकडची गाय महाराष्ट्रात कागलला विकली तरी नवा बिल्ला मारायचा नसतो, फक्त नोंदीत मालकाचं नाव बदलून घ्यायचं. बाजारात व्यवहार करताना नंबर स्वतः कानात बघून वाचावा. दलालाच्या वहीतल्या आकड्यावर जाऊ नये.

बिल्ल्याचे दोन भाग. टोकदार खिळ्याचा भाग कानाच्या मागून, भोकाचा भाग आतल्या बाजूला, नंबर समोरून वाचता येईल असा. जागा कानाच्या मधोमध, दोन उभ्या कूर्चांच्या, म्हणजे कडक कण्यांच्या, मधल्या मऊ पट्ट्यात. कान उजेडाकडे धरला की शिरा दिसतात, त्या चुकवायच्या. टोकाशी मारला तर कुंपणाच्या तारेत किंवा गव्हाणीच्या फळीत अडकून कान चिरतो. बुडाशी मारला तर तिथं कान जाड असतो, बिल्ला चेपून बसतो, हवा लागत नाही आणि पू धरतो. मारल्यावर कान आणि बिल्ला यांच्यात थोडी फट राहिली पाहिजे, कारण दोन दिवस सूज येतेच. पक्कड एकाच दमात पूर्ण दाबायची. अर्धवट दाबली की खिळा आत बसत नाही आणि बिल्ला आठवड्यात गळतो. खिळ्याला जंतुनाशक लावल्याशिवाय कान टोचू देऊ नका. सांगायला संकोच कसला?

पुढचे पंधरा दिवस कान रोज बघायचा. खपली दिसली तर बिल्ला फिरवायचा नाही, ओरखडून परत जखम होते. जनावर कान सारखा झटकत असेल, वास येत असेल, तर माशीनं जखमेत अंडी घातली समजा. अळ्या दिसल्यावर घरगुती खटाटोपात दिवस घालवू नका, 1962 या जनावरांच्या दवाखान्याच्या सरकारी नंबरावर फोन करा. तो नंबर दोन्ही राज्यांत चालतो. आणि बिल्ला पडलाच तर नवा मारताना जुना नंबर सांगून नोंद जोडून घ्या, नाहीतर आधीच्या लसींचा इतिहास तुटतो. त्यासाठी बिल्ला कानात असतानाच त्याचा फोटो काढून ठेवावा. विमा असेल तर कंपनीलाही लगेच कळवायचं.

आता गळा. नायलॉनचा दोर स्वस्त आणि कुजत नाही, म्हणून तोच सगळीकडे. त्याची खोड दोन ठिकाणी. बारीक दोर केस कापतो, मग कातडी. आणि टोक उसवू नये म्हणून काडी लावून जाळलं की वितळून टणक, धारदार मणी तयार होतो. तो गाठीतून आतल्या बाजूला आला तर मानेला रोज घासतो, आणि आपण ‘गोचिडीनं खाल्लं’ म्हणत औषध मारत बसतो. टोक बाहेरच्या अंगाला ठेवा किंवा त्यावर सुती चिंधी गुंडाळा. दाव्यात चार बोटं आडवी सहज गेली पाहिजेत. वासराचं, रेडकाचं दावं दर पंधरा दिवसांनी सैल करायचं. मान वाढते, दोर वाढत नाही. कातडीत रुतलेलं दावं सोडवताना बघितलं असेल तर जास्त सांगायला नको.

घुंगुरमाळ घेताना आधी उलटी करून बघावी. चांगल्या माळेत पितळी घुंगरं कातडी वादीनं ओवलेली असतात आणि आतून मऊ पट्टी शिवलेली असते. हलक्या माळेत तारेनं बांधलेली, टोकं आतच. घामातल्या मिठानं पट्टा कडक होतो, पितळेला हिरवा कळंक चढतो. ओल्या फडक्यानं पुसून, सावलीत वाळवून करंजेल लावलं की कातडं मऊ राहतं. उन्हात टाकलं तर तडकतं. लोकरी गोंड्याचा रंग पावसात उतरतो, तेवढ्यानं बिघडत नाही. पण म्होरकीचे गोंडे डोळ्याशी लोंबत असतील तर आखूड करा.

बेंदराच्या आदल्या दिवशी, खांदेमळणीच्या संध्याकाळी, हळद-तूप लावताना मान, शिंगाचं बूड, कानामागची जागा बोटानं चाचपून बघावी. केस गेलेली चकती लागली तर दुसऱ्या दिवशी तिथं काही बांधू नये. बैल तसाही देखणाच दिसतो. खिल्लाराला तर नुसत्या शेंब्या पुरतात.

खरी भीती बेगड, प्लास्टिकची फुलं आणि तारेची. दावणीला शेजारचा बैल त्या माळा चघळतो. प्लास्टिक पोटात साचून राहतं. तार जनावराच्या चार पोटांपैकी जाळीच्या पोटात जाऊन बसते, आणि त्या पोटाच्या पुढं फक्त छातीचा पडदा आणि हृदय. टोचली की जनावर चारा सोडतं, कोपरं बाहेर काढून उभं राहतं, उतारावर चालायला कचरतं. तेव्हा उशीर झालेला असतो. म्हणून मिरवणूक संपली की माळ काढून खुंटीला, आणि टांगण्याआधी घुंगरं मोजायची. एखादं कमी भरलं तर वैरण टाकायच्या आधी गव्हाण झाडून शोधायची.